आडव्या बाटलीची चंद्राबाई

सतरा वर्षं फौजेत काढली, हवालदार म्हणून रिटायर झालो. गावात आजून बी लोकं उठून रामराम घालत्यात. असल्या माणसाला लाज कसली, असं तुमी म्हणाल. सांगतो. पर मधी बोलायचं न्हाई. एकदा थांबलो तर परत तोंड उघडायचं न्हाई माझं.

गोष्ट माझ्या बायकूची हाय. चंद्राबाई. आमचं गाव कडेगावापासनं सात-आठ किलोमीटर, तिचं माहेर पाटणच्या पल्ल्याड, डोंगरात. अठराव्या वर्षी लगीन हून आली ती, आन् मी पंधरा दिवसात रजा संपवून निघून गेलो. म्हातारा-म्हातारी, दोन म्हशी, अडीच एकर ऊस, समदं तिच्या गळ्यात. तक्रार न्हाई. बोलायला मातूर फटकळ. माझ्या आईला एकदा म्हणाली, आत्याबाई, तुमच्या ल्योकापरास तुमची म्हस बरी, ती सांजच्याला घरी तरी येती. आई आठवडाभर हसत हुती.

तिला एकच दुखणं, अर्धशिशी. पोरगी झाल्यावर सुरू झालं ते. डाव्या डोळ्याच्या मागं ठणका लागायचा, उजेड सोसायचा न्हाई, भांड्याचा आवाज सोसायचा न्हाई, वकाऱ्या येऊन येऊन बाई पिळून निघायची. त्या दुखण्याला ती पाव्हणा म्हणायची. "पाव्हणा आलाय," म्हणायची आन् आतल्या खोलीत दार लावून डोक्याला फडकं आवळून पडायची. महिन्यातनं आठ-आठ, नऊ-नऊ दिवस. बाकीच्या दिवशी कधी येईल ह्याचा घोर.

उपाय काय थोडं केलं? दिस उगवायच्या आधी दुधात जिलेबी खाल्ली. सुंठ उगाळून लावली. एका गावाला अर्धशिशी उतरवणारा म्हातारा हुता, त्यानं झाडाला खिळा ठोकला. साताऱ्याला मोठ्या डाक्टरकडं गेली, गोळ्या घेतल्या, त्यानं झोप यायची आन् पोटात आग पडायची. मी रजेवर आलो की नेमकी पडलेली असायची. तवा मला वाटायचं, नाटकं हायत. तसं बोललो बी एकदा. पलटणीत माणूस गोळी लागून उभा राहतोय आन् तू डोकं धरून पडतीस, असं बोललो. ती उठून भाकरी थापाय लागली. चुलीचा जाळ डोळ्यात जाऊ नये म्हणून तोंड फिरवून थापत हुती. ते मला आज दिसतंय, तवा दिसलं न्हाई.

आमची पोरगी राजनंदिनी कराडजवळ मलकापूरला औषधाच्या दुकानात हाय. दोन वर्सांमागं तिनं आईला तिथल्या एका आयुर्वेदाच्या डाक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी समदं इचारून घेतलं, आधीचे कागद बघितले आन् एक तेल लिहून दिलं. विजयाचं तेल. विजया म्हंजे भांगंचं झाड. त्यातला सीबीडी म्हणून जो भाग असतोय त्यो ह्या तेलात जास्त, नशा त्यानं चढत न्हाई, असं बाईंनी सांगितलं. चिठ्ठीशिवाय मिळत न्हाई, कायदेशीर हाय. सगळ्यांना लागू पडतंच असं बी न्हाई, तीन महिनं बघू, कुठल्या दिवशी दुखलं ते लिहून ठेवा, म्हणाल्या. चंद्रानं भिंतीवरच्या कालनिर्णयावर फुल्या मारायला सुरुवात केली. पैल्या महिन्यात सात फुल्या. दुसऱ्यात चार. चौथ्या महिन्यात दोन, आन् त्या बी अर्ध्या दिवसाच्या.

काय सांगू, घरात येगळीच बाई वावरायला लागली. पन्नाशीच्या पुढं जाऊन गाणं म्हणत म्हशी धुवायची. शेजारणींना घिऊन गप्पा ठोकायची. आन् त्यातनंच त्या दारूच्या दुकानाचं निघालं.

गावात देशी दारूचं लायसनचं दुकान हाय, तानाजीचं. शाळंपासनं दोनशे पावलांवर. आमच्या शेजारची रंगुबाई, तिचा ल्योक कोंडीबा, त्यो सकाळी दहाला तिथं जाऊन बसायचा. कोंडीबाची बायकू मयूरी. ही मयूरी चंद्राच्या माहेरची, चंद्रानंच सोयरीक जुळवून आणलेली. लगनाच्या येळी पोरगा पीत नव्हता, ट्रॅक्टर चालवायचा. पर आता दोन लेकरं पदरात आन् नवरा गटारात. मयूरी एक दिवस पिशवी भरून आमच्या दारात आली, म्हणाली काकू, मी चालले माहेरला. चंद्रानं पिशवी काढून घेतली हातातनं. म्हणाली, मतदानापातूर थांब. दुकान बंद पाडतो आमी बायका. न्हाई पाडलं तर मी सोता तुला येष्टीत बसवून दीन.

मतदान म्हंजे काय ते सांगतो. गावातल्या बायकांनी सह्या करून मागणी केली की सरकार निस्तं बायकांचं मतदान घेतंय. कागदावर दोन चित्रं असत्यात, उभी बाटली आन् आडवी बाटली. दुकान ऱ्हावं वाटत असंल तर उभीवर शिक्का, बंद व्हावं वाटत असंल तर आडवीवर. मेख अशी, की यादीत जेवढ्या बायका हायत त्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडाय पायजेत. मतदानाला आलेल्यांच्या निम्मे न्हवं, यादीतल्या निम्मे. म्हंजे घरात बसलेली बाई आपसूक दुकानाच्या बाजूची. आमच्या यादीत आठशे बारा बायका. चारशे सात शिक्के पायजे हुते.

चंद्रा घरोघर फिरली. मळ्यात दोन वस्त्या हायत, तिथं सात बायका. नवरे दम देत हुते, तरी तयार झाल्या त्या. पर म्हणाल्या, चंद्राबाई, तुमी सोता आमच्या म्होरं चालायचं, तर आमी येणार. ती म्हणाली, यीन. गावात तिला आडव्या बाटलीची चंद्राबाई म्हणाय लागले. मला बी बरं वाटायचं. माझी बायकू म्हणून मिशीला ताव.

आता माझं ऐका. मतदानाला धा दिवस हुते. राजनंदिनीनं तेलाची नवी बाटली दुधाच्या टेम्पोतनं पाठवली. खोकं ओलं हून फाटलं आन् डेअरीवर चार माणसांनी बघितलं. खोक्यावर त्या झाडाचं पान काढलेलं. गेल्या साली उसात लावलेला गांजा पोलिसांनी धरला हुता, त्याचा फोटू पेपरात आलेला, त्यामुळं ते पान आमच्या गावात शेंबड्या पोराला बी ठावं हाय. तानाजी तिथंच उभा. कॅनला टेकून म्हणाला, काय हवालदार, आमची बाटली आडवी करून घरात गांजाचं तेल उभं केलं व्हय? समदे हसले.

मी काय बोलाय पायजे हुतं? एवढंच, की बायकूला अर्धशिशी हाय, डाक्टरचं औषध हाय, ही बघ चिठ्ठी. खलास. चिठ्ठी खोक्यातच हुती. पर मी ती काढली न्हाई. हवालदाराच्या घरात गांजा, हे शब्द कानात वाजाय लागले. खोकं बगलंत मारलं आन् घरी आलो.

दुपार हुती. चंद्रा सोप्यात बायकांची यादी घिऊन बसलेली. मी म्हणालो, मतदान होईस्तवर हे तेल बंद. ती म्हणाली, का? मी डेअरीवरचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, सांगायचं की त्याला, तुझ्या बाटलीनं माणूस पडतोय, माझ्या बाटलीनं उभी ऱ्हाती मी. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. म्हणाली, "आवं, अजून धा दिवस मला डोकं उभं ठिवायचं हाय. नंतर म्हणाल तर सोडते."

मी ऐकलं न्हाई. फौजेतली खोड, एकदा ऑर्डर दिली की दिली. नवी बाटली फोडली, देवळीतली जुनी, तळाला थोडं राहिलेलं, ती बी घेतली, आन् मोरीत वतली. वरनं दोन तांबे पाणी टाकलं. पोरीला फोन करून सांगितलं, परत पाठवू नगंस. चंद्रा मोरीच्या दारात उभी राहून बघत हुती. भांडली न्हाई. यादी उचलली, पदर खवला आन् निघून गेली बाहेर.

आन् आजून एक सांगतो, ते सांगायला जीव कचरतोय. आमच्या कपाटात माझी रम असती. फौजेच्या कँटीनचा कोटा, दर महिन्याचा. त्याच दिवशी सांजच्याला मी त्यातली काढली आन् दोन पेग मारले. डोकं तापलं हुतं म्हणून. तवा मनात शंका सुद्धा आली न्हाई, की ही बी बाटलीच हाय.

सहाव्या दिवशी पाव्हणा आला. ती दिवसभर पडली, दुसऱ्या दिवशी उठून फिरली. डोळ्याखाली काळं झालेलं. मी म्हणालो, एक दिवसाचं हुतं, गेलं की न्हाई? ती म्हणाली, गेलं.

रविवारी मतदान. पाचला उठलो तर ती वकत हुती. आतल्या खोलीत अंधार करून, डोक्याला वलं फडकं. तेल चालू असतं तर त्या दिवशी दुखलंच नसतं, असं डाक्टरीणबाई बी छातीठोक सांगणार न्हाईत, मला ठावं हाय. पर कदाचित दुखलं नसतं बी. ते आता कुणाला कळायचं? मोरीत मी तेच तर वतलं.

तिनं हळूच सांगितलं, तुमी वस्तीवर जावा, बायकांना घिऊन या. मी मोटरसायकल काढली. सातीजणी चांगली लुगडी नेसून एका घराच्या अंगणात उभ्या हुत्या. मला बघून त्यांनी माझ्या मागं बघितलं. एकीनं इचारलं, चंद्राबाई कुठं हाय? आता अर्धशिशी म्हणालो असतो तर इचारलं असतं, ती तर बरी झाली हुती ना, मग काय झालं? तेलाचं निघालं असतं. मी म्हणालो, तिला जरा बरं न्हाई. एका नवऱ्यानं बाजंवरनं फिसकन हसून म्हणलं, ऐन टायमाला? बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. मी म्हणालो, चला, मी हाय की. त्या आत गेल्या. तासभर थांबलो, एक बी बाहेर आली न्हाई. खरं सांगितलं असतं तर आल्या असत्या का? आल्या असत्या. माझी खात्री हाय.

चारला चंद्रा उठली. मला गाडीवर घिऊन चला, म्हणाली. तोंडावरनं पदर घेतला, भिंतीला धरत सोप्यापातूर आली. दारातला उजेड डोळ्यात गेला आन् उंबऱ्यावरच वकली, खाली बसली. पुन्हा उठाय बघत हुती. मी धरून आत निजवली. पाचला मतदान संपलं.

शाळंच्या पटांगणात मोजणी झाली. आडव्या बाटलीला चारशे दोन. पाच कमी पडली. वस्तीवरच्या सात आन् घरात पडलेली एक. तानाजीच्या माणसांनी फटाकडे लावले. बायका माझ्याकडं बघत हुत्या, मी मातूर बुटाकडं.

दुसऱ्या दिवशी पैल्या येष्टीला मयूरी निघाली. दोन्ही लेकरं संगट, पिशवी खांद्याला. आमच्या दारात उभी राहिली. चंद्राचं डोकं तवर उतरलं नव्हतं, तिला उठता येईना. मयूरी मलाच म्हणाली, "काकूंना सांगा, मी थांबले हुते." एवढंच म्हणाली आन् गेली. मी चंद्राला सांगितलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

त्याच आठवड्यात गावात सुरू झालं, चंद्राबाई फुटली. तानाजीनं मॅनेज केली. न्हाई तर ऐन दिवशी कोण घरात बसंल? बायका तिला पाण्यावर, देवळात तोंड फिरवायला लागल्या. ग्रामसभेत एकीनं सरळ इचारलं, की तुमी का आला न्हाई. चंद्रा उठून म्हणाली, माझं डोकं दुखत हुतं. मागनं गडी हसले. डोकं दुखतंय म्हणं. बायका बी हसल्या, ते जास्त लागलं असणार तिला. तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी तिसऱ्या वळीत खुर्चीवर बसलेलो. गळ्यात मफलर, छातीवर फौजेचा बिल्ला. उठून दोन वाक्यं बोलायची हुती. उठलो न्हाई.

घरी आल्यावर मीच इचारलं, माझं नाव का न्हाई घेतलंस? ती धुणं पिळत हुती. म्हणाली, घिऊन काय करू, तुमी तिथंच हुता की.

राजनंदिनी आली, तिला समदं कळलं. बापाला बोलायची तिची छाती नव्हती आजवर, त्या दिवशी बोलली. दादा, तुमाला आईच्या दुखण्यापरास पानाच्या चित्राची भीती जास्त वाटली व्हय? मी उत्तर काय दिलं माहीत हाय? गप बस. तिनं आईला परत मलकापूरला नेलं, तेल परत सुरू झालं, फुल्या परत कमी झाल्या. रम मी बंद केली, कोटा आणायला जातच न्हाई. पर ते कुणाला सांगण्याजोगं न्हाई, कारण लगेच इचारतील, का सोडली? चंद्रा बरी हाय, पर गाणं म्हणत म्हशी धूत न्हाई. आमी दोघं एका घरात राहतो आन् गरजंपुरतं बोलतो.

कोंडीबा आता सकाळी आठलाच जाऊन बसतोय. रंगुबाई सत्तरीची, त्याला भाकरी करून घालती. नातवंडांचा फोन आला की आमच्या सोप्यात येऊन बोलायची, कारण कोंडीबानं तिचा फोन इकला. हल्ली तिथं बी येत नव्हती.

परवा वर्स झालं त्या मतदानाला. आता परत मागणी करता येती. सकाळी अकराच्या सुमारास पंचवीस-तीस बायका आमच्या अंगणात आल्या. वस्तीवरच्या बी हुत्या. म्होरं रंगुबाई. मी सोप्यात पेपर वाचत बसलेलो. रंगुबाई म्हणाली, चंद्रा, तुझ्याबिगर हे हुत न्हाई, आमी फिरून बघितलं. पर ह्या बारीला घरात बसू नगंस. बसायचं असलं तर आत्ताच सांग.

चंद्रा आत गेली. मला वाटलं, दार लावून घेती का काय. तर देवळीतली बाटली घिऊन आली, पानाचं चित्र असलेली, आन् बायकांच्या मधी जमिनीवर ठेवली. म्हणाली, हे माझं अर्धशिशीचं औषध. भांगंच्या झाडाचं हाय, डाक्टरनं दिलंय. कुणाला बघायचं त्यानं बघा. कुणी हसलं न्हाई. मग ती माझ्याकडं वळली.

"आन् मी त्या दिवशी का आले न्हाई, ते ह्यांना इचारा."

तीस बायका. मी दोनशे जवानांची परेड घेतलीया, माझा आवाज मैदानाच्या पल्ल्याड जायचा. त्या दिवशी पेपर हातातच राहिला आन् आवाज फुटंना. पळून जावं वाटलं. मळ्याकडं जायला मागचं दार हुतं. चंद्रा वाट बघत उभी हुती, रागानं न्हवं, नुस्ती उभी. मग मी सांगितलं. डेअरीवरचं सांगितलं, मोरीतलं सांगितलं, वस्तीवर काय बोललो ते सांगितलं. रमचं बी सांगितलं. ग्रामसभेत बसून राहिलो, ते सांगितलं. ती फुटली नव्हती, म्हणालो. मी फोडली.

मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रंगुबाई गुडघ्यावर हात टेकत खाली वाकली, बाटली उचलली, डोळ्याजवळ धरून बघितली. मग माझ्याकडं न बघताच इचारलं, "हे रोज किती घ्यायचं असतं रं?"

"सहा थेंब," म्हणालो. "जिभंखाली."

"सहा थेंब," म्हणाली रंगुबाई. मग दोन्ही हातांनी चंद्राच्या हातात दिली, तिच्या पाठीवरनं हात फिरवला, आन् म्हणाली, "आज घेतलंस का गं?"

चंद्रा मान हलवून न्हाई म्हणाली आन् तिथंच उभ्या-उभ्या रडली. वस्तीवरच्या एकीनं तिला पायरीवर बसवलं, दुसरी पाणी आणायला आमच्याच घरात गेली. माझ्या अंगावरनंच गेली ती. माझ्याकडं कुणीच बघितलं न्हाई.